मोटारसायकलच्या झडपांची मोकळीक : ती का ठेवावी, कशी तपासावी व कशी जुळवावी

आपल्या देशात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूधवाला, टपाल पोचविणारा, खेड्यातील शाळेवर जाणारा शिक्षक, भाजीचा व्यापारी अशा असंख्य लोकांचा दिवस तिच्यावर अवलंबून असतो. अशा वाहनाचे एंजिन एखाद्या सकाळी सुरूच होईनासे झाले, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. आणि एंजिनाचे शीर्ष उघडून जळलेली झडप बदलण्याची पाळी आली, तर महिन्याची बचत खर्ची पडते. हा खर्च पुष्कळदा टाळता येण्याजोगा असतो. केसाएवढ्या जाडीचे एक अंतर वेळच्या वेळी तपासणे व ते बिघडले असल्यास पूर्ववत करणे, एवढेच त्यासाठी पुरेसे असते. या अंतरास आपण झडपेची मोकळीक म्हणू. गॅरेजमधील कारागीर या कामास ‘टॅपेट सेटिंग’ म्हणतात. हे काम दोन-चार साध्या हत्यारांनी घरीही करता येते. मात्र ते करणाऱ्यास आपण काय करीत आहोत आणि कशासाठी करीत आहोत, याची पक्की समज असली पाहिजे. म्हणून प्रथम तत्त्व व नंतर कृती, असा क्रम येथे ठेवला आहे.

१. झडपांचे कार्य

चार धावांच्या एंजिनात दट्ट्या एका आवर्तनात चार वेळा धावतो. पहिल्या धावेत तो खाली येतो व आदान झडप उघडून हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्या धावेत दोन्ही झडपा मिटलेल्या असतात व वर जाणारा दट्ट्या मिश्रण दाबतो. ही संपीडनाची धाव. ठिणगी पडून मिश्रण पेटले की तिसरी, म्हणजे शक्तीची धाव घडते. चौथ्या धावेत निष्कास झडप उघडते व जळलेले वायू बाहेर लोटले जातात. या चार धावांत भुजादंडाचे दोन फेरे पूर्ण होतात आणि प्रत्येक झडप एकदाच उघडते.

झडपा उघडण्याचे काम कॅमदंड करतो. भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत त्याचा एकच फेरा होतो. त्यावरील कॅमचा उंचवटा फिरत आला की तो रॉकर भुजेचे एक टोक उचलतो. सी-सॉच्या फळीप्रमाणे तिचे दुसरे टोक खाली जाते आणि झडपेच्या दांड्यावर दाब देऊन ती उघडते. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंगच्या जोराने झडप पुन्हा आपल्या बैठकीवर घट्ट बसते.

हे सर्व केवढ्या वेगाने घडते हे साध्या हिशेबाने कळेल. एंजिन मिनिटास ६,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटास ३,००० वेळा, म्हणजे सेकंदास ५० वेळा उघडते व मिटते. तासाभराच्या अशा प्रवासात ही संख्या १,८०,००० होते. एवढ्या आघातांनी धातू झिजणारच. म्हणूनच एकदा जुळविलेली मोकळीक कायम टिकत नाही.

२. मोकळीक कशासाठी?

झडप मिटलेली असताना रॉकर भुजेचे टोक आणि झडपेच्या दांड्याचा माथा यांच्यामध्ये थोडे अंतर मुद्दाम ठेवलेले असते. हीच मोकळीक होय. ती शून्य ठेवली तर आवाज येणार नाही, मग ती ठेवावीच कशाला, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर उष्णतेने होणाऱ्या प्रसरणात आहे.

साधे पोलाद तापमानाच्या दर अंशास आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश भागाने वाढते. अ‍ॅल्युमिनियम सुमारे २३ दशलक्षांश भागाने. हिशेबासाठी असे धरू की पोलादी झडप ८० मिलिमीटर लांब आहे, आणि ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या शीर्षात ती बसविली आहे त्याचीही तेवढीच लांबी विचारात घ्यायची आहे. एंजिन सुरू होताच झडप आधी तापते, कारण ती थेट ज्वालेत असते. शीर्ष मागाहून तापते. झडपेचे सरासरी तापमान १५० अंश सेल्सिअसने वाढले त्या वेळी शीर्षाचे ६० अंशांनीच वाढले असेल, तर :

झडपेची वाढ : ८० × १५० × ०.००००१२ = ०.१४४ मिमी.
शीर्षाची वाढ : ८० × ६० × ०.००००२३ = ०.११० मिमी.

झडपेची वाढ मोकळीक कमी करते, तर शीर्षाची वाढ ती वाढविते. दोहोंतील फरक ०.०३४ मिमी. थंड एंजिनात मोकळीक ०.०५ मिमी. ठेवलेली असेल, तर त्या क्षणी ती ०.०१६ मिमी. उरेल आणि झडप निर्धोकपणे मिटेल. परंतु मुळात ०.०२ मिमी.च ठेवली असेल, तर झडपेचा दांडा रॉकरला टेकेल व झडप बैठकीवरून किंचित अधांतरी राहील. येथील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक एंजिनात ते निराळे असतात. त्यांतून दिसणारी गोष्ट मात्र सर्वत्र खरी आहे : मोकळीक ही दोन प्रसरणांमधील फरकासाठी राखून ठेवलेली जागा आहे.

३. मोकळीक कमी किंवा अधिक झाल्यास

मोकळीक प्रमाणाबाहेर वाढली, तर कॅमच्या उंचवट्याचा काही भाग ते अंतर तोडण्यातच खर्ची पडतो. झडप उशिरा उघडते, लवकर मिटते आणि पुरेशी उघडतही नाही. एंजिनाचा श्वास अपुरा पडून जोर कमी होतो. रॉकर झडपेवर आपटल्यामुळे ‘टक्-टक्’ असा आवाज येतो. झडप दोन फेऱ्यांतून एकदाच उघडत असल्यामुळे हा आवाज एंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या गतीने येतो. ही त्याची ओळखीची खूण होय.

मोकळीक नाहीशी झाली, तर घडणारी हानी याहून गंभीर असते. झडप पुरती न मिटल्याने दाबलेले मिश्रण निसटते. गरम एंजिन सुरू होण्यास त्रास देते आणि संथ गतीवर ते अडखळते. निष्कास झडपेचा तर जीवच धोक्यात येतो. तिच्यावरून तप्त वायू वाहतात आणि तिला मिळालेल्या उष्णतेचा मोठा भाग ती बैठकीवर टेकलेली असतानाच शीर्षाकडे जाऊ शकतो. टेकणे अपुरे झाले की उष्णतेची वाट बंद होते. शिवाय फटीतून ज्वाला धावू लागते. अशा रीतीने झडपेची कड जळून तिला खाच पडते.

येथे एक विसंगती ध्यानात ठेवावी. सैल झडप आवाज करून आपले दुखणे सांगते. आवळलेली झडप मात्र शांत असते. म्हणून ‘एंजिन पूर्वीपेक्षा शांत चालते’ एवढ्यावरून समाधान मानणे धोक्याचे आहे. रॉकर व कॅम झिजले की मोकळीक वाढते, पण झडप व तिची बैठक झिजली की झडप शीर्षात अधिक खोल बसते, तिचा दांडा रॉकरकडे सरकतो आणि मोकळीक कमी होते. हा दुसरा बदल कानास कळत नाही. तो मापूनच पाहावा लागतो.

४. हत्यारे व पूर्वतयारी

मुख्य हत्यार म्हणजे फीलर गेज. निरनिराळ्या जाडीच्या पोलादी पात्यांचा हा जुडगा असतो व प्रत्येक पात्यावर तिची जाडी कोरलेली असते. साधा लिहिण्याचा कागद सुमारे ०.१ मिमी. जाड असतो, ०.०५ मिमी.ची पाती त्याच्या निम्म्या जाडीची. ती जपून हाताळावी, वाकवू नये व पुसून तेलाचा हात देऊन ठेवावी. याखेरीज योग्य मापाचे पाने, स्पार्क प्लगचा पाना, समायोजक पेच फिरविण्याचे साधन, स्वच्छ फडके व तेल झेलण्यासाठी एक वाटी एवढे साहित्य पुरते.

आपल्या वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली मोकळीक आधी वाचावी. ती एंजिनागणिक निराळी असते. आदान व निष्कास झडपांचे आकडेही काही एंजिनांत वेगळे असतात. शेजाऱ्याच्या वाहनाचा आकडा आपल्या वाहनास लावू नये.

एंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. वाहन रात्रभर सावलीत उभे ठेवून पहाटे काम करणे उत्तम. वैशाखात भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या वाहनाचे एंजिन चालविले नसले तरी ते ‘थंड’ समजू नये. वाहन मधल्या स्टँडवर सपाट जागी उभे करावे, किल्ली काढून घ्यावी व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. स्पार्क प्लगभोवतालची व टोप्यांभोवतालची धूळ प्रथम झटकून पुसून घ्यावी. मगच प्लग काढावा. प्लग काढल्याने आतील दाब नाहीसा होतो व एंजिन हाताने सहज फिरते.

५. पहिले उदाहरण : शीर्षावर कॅमदंड असलेले शंभर घनसेंटिमीटरचे एंजिन

१९८५ मध्ये भारतात हिरो होंडा कंपनीची ‘सीडी १००’ ही मोटारसायकल आली आणि १९९४ मध्ये त्याच कुळातील ‘स्प्लेंडर’ आली. या एंजिनाचा व्यास ५० मिमी., दट्ट्याची धाव ४९.५ मिमी. व आकारमान ९७.२ घनसेंटिमीटर आहे. देशभर ही वाहने अमाप दिसत असल्यामुळे उदाहरण म्हणून ते सोयीचे आहे. यात दोन्ही झडपांची मोकळीक थंड स्थितीत ०.०५ मिमी. ठेवतात.

(अ) एंजिनाच्या डाव्या आवरणावर दोन टोप्या असतात. मधली टोपी काढली की भुजादंडाचा नट दिसतो; वरची काढली की फिरत्या चक्रावरील खुणा दिसतात. सिलिंडरच्या शीर्षावर आदान झडपेची टोपी वरच्या बाजूस व निष्कास झडपेची खालच्या बाजूस असते. खालची टोपी उघडताना थोडे तेल सांडते. वाटी तयार ठेवावी.

(आ) मधल्या नटावर पाना लावून भुजादंड घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सावकाश फिरवावा. चक्रावरील ‘टी’ ही खूण आवरणावरील खाचेसमोर आली की दट्ट्या वरच्या अंत्यबिंदूस पोचला असे समजावे.

(इ) येथेच सर्वाधिक चुका होतात. दट्ट्या एका आवर्तनात दोनदा वर येतो : एकदा संपीडनाच्या अखेरीस आणि एकदा निष्कासाच्या अखेरीस. मापन पहिल्याच स्थितीत करावयाचे असते, कारण तेव्हाच दोन्ही झडपा पूर्ण मिटलेल्या असतात. ती ओळखण्यासाठी फिरविताना आदान झडपेच्या रॉकरवर नजर ठेवावी. तो खाली जाऊन पुन्हा वर आला, की त्यानंतर प्रथम येणारी ‘टी’ खूण ही संपीडनाची होय. या स्थितीत दोन्ही रॉकर बोटांनी किंचित हलतात आणि भुजादंड थोडा मागेपुढे केला तरी ते जागचे हलत नाहीत. ते हलू लागले, तर स्थिती निष्कासाची आहे असे समजून भुजादंडास आणखी एक पूर्ण फेरा द्यावा.

(ई) आता ०.०५ मिमी.ची पाती रॉकरवरील पेचाचे टोक व झडपेचा माथा यांच्यामध्ये सरळ सरकवावी. ती हलकासा अडसर जाणवत सरकली, तर मोकळीक योग्य आहे. काहीही फिरवू नये. खात्रीसाठी ०.०४ ची पाती सहज जाते व ०.०६ ची जात नाही, असे पाहावे. ‘जाते’ व ‘जात नाही’ या दोन पात्यांच्या साक्षीने एका पातीच्या अंदाजापेक्षा अधिक विश्वसनीय निर्णय मिळतो.

(उ) मोकळीक चुकीची असल्यास पेचावरील जखड-नट सैल करावा, पाती जागेवर ठेवूनच पेच थोडा थोडा फिरवावा आणि हवा तेवढा अडसर जाणवू लागला की पेच एका हाताने स्थिर धरून दुसऱ्या हाताने नट आवळावा. नट आवळताना पेचही थोडा फिरतो. म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मापन करणे अनिवार्य आहे. पहिल्या प्रयत्नात बरोबर न साधल्यास खंत करू नये. दोन-तीनदा करावे लागणे स्वाभाविक आहे. नट लहान असतो, त्यावर अंगचा जोर लावल्यास आटे तुटतात.

(ऊ) भुजादंडास दोन पूर्ण फेरे देऊन पुन्हा त्याच स्थितीत आणावे व दोन्ही मोकळिकी शेवटच्या तपासाव्या. नंतर टोप्यांवरील रबरी कडी शाबूत आहेत हे पाहून सर्व काही जागच्या जागी बसवावे.

६. दुसरे उदाहरण : ढकलदांड्यांचे जुने बुलेट एंजिन

१९५५ मध्ये मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, रॉयल एनफील्डच्या ३५० बुलेट मोटारसायकलींची जुळणी सुरू झाली. ७० मिमी. व्यास, ९० मिमी. धाव व ३४६ घनसेंटिमीटर आकारमान असलेले हे ओतीव लोखंडी सिलिंडरचे एंजिन त्यानंतर पन्नासाहून अधिक वर्षे बनत राहिले व अजूनही अनेक घरांत जपलेले आढळते. यातील कॅम खाली असतात. त्यांची चाल दोन लांब ढकलदांड्यांमार्फत वर रॉकरपर्यंत पोचते. समायोजक पेच दांड्यांच्या खालच्या टोकाशी, सिलिंडरच्या उजव्या बाजूच्या छोट्या झाकणामागे असतात.

या एंजिनासाठी फीलर गेज लागत नाही. थंड स्थितीत मोकळीक ‘शून्य’ ठेवावयाची असते. तापल्यावर सिलिंडर व शीर्ष उंचीने वाढतात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ढकलदांडेही लांबतात; या रचनेत एकूण परिणाम असा होतो की तापल्याने मोकळीक नाहीशी होत नाही. एकच नियम सर्व एंजिनांस का लावता येत नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

कृती अशी : प्लग काढावा, वरचा गिअर टाकावा, प्लगच्या छिद्रावर अंगठा धरून मागचे चाक पुढच्या दिशेने फिरवावे. अंगठ्यास हवेचा जोर जाणवू लागला की संपीडनाची धाव सुरू झाली. दट्ट्या वर पोचेपर्यंत चाक फिरवावे. आता झाकण उघडून प्रत्येक दांडा दोन बोटांत धरावा. तो सहज गोल फिरला पाहिजे, परंतु वरखाली मुळीच हलता कामा नये. वरखाली हलल्यास मोकळीक अधिक आहे. फिरेनासा झाल्यास ती मुळीच उरलेली नाही. दुरुस्तीसाठी एका पान्याने दांडा धरावा, दुसऱ्याने जखड-नट सैल करावा व तिसऱ्याने समायोजक फिरवावा. नट आवळल्यावर पुन्हा बोटांनी पारख करावी. दोहोंतून एक चूक पत्करावीच लागली, तर किंचित सैल बरे, आवळलेले नको.

या एंजिनाची जागा घेणाऱ्या पुढील बुलेट एंजिनात तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट आले व ते मोकळीक आपोआप राखतात. काही आधुनिक एंजिनांत पेचाऐवजी मोजक्या जाडीच्या चकत्या बदलाव्या लागतात. त्यासाठी बहुधा कॅमदंड काढावा लागत असल्याने ते काम अनुभवी कारागिराकडे सोपवावे.

७. मापनातील एक सूक्ष्म फसगत

वर्षानुवर्षे घासून पेचाच्या टोकास किंवा झडपेच्या माथ्यास बारीक खळगा पडतो. सपाट पाती त्या खळग्यात शिरत नाही, ती कडांवर पुलासारखी टेकते. पाती ०.०५ मिमी. दाखवीत असता खरे अंतर त्याहून अधिक असते. मोकळीक बरोबर मापूनही टक्-टक् थांबत नसेल, तर हा संशय घ्यावा.

अशा वेळी पेचाच्या आट्यांचा आधार घेता येतो. समजा, लगतच्या दोन आट्यांतील अंतर ०.५ मिमी. आहे. म्हणजे पेच एक पूर्ण फेरा फिरला की ०.५ मिमी. सरकतो, आणि ०.०५ मिमी.साठी त्यास एक दशांश फेरा, म्हणजे ३६ अंश फिरवावे लागेल. पेच हलक्या हाताने टेकेपर्यंत आवळून तेथून ३६ अंश मागे घेतल्यास खळग्यासह खरी मोकळीक मिळते. हा तात्पुरता उपाय होय; झिजलेला पेच बदलणे हाच खरा इलाज.

८. काम संपल्यावर

एंजिन बंद खोलीत सुरू करू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन, गंधहीन व प्राणघातक आहे. मोकळ्या जागी एंजिन सुरू करून टोप्यांमधून तेल झिरपत नाही ना, हे पाहावे. मंद, एकसारखी कुजबुज ऐकू येणे योग्य आहे. तारीख, वाहनाने तोडलेले अंतर आणि दुरुस्तीपूर्वी आढळलेली मोकळीक यांची नोंद वहीत करावी. ही नोंद फार मोलाची असते. निष्कास झडपेची मोकळीक प्रत्येक तपासणीत थोडी थोडी कमी होत चालल्याचे वहीत दिसले, तर झडप वा बैठक झिजत आहे, हे बिघाड होण्याच्या कितीतरी आधी कळते. पेच फिरवून मोकळीक आज पूर्ववत होते. पण झीज का होत आहे, हा प्रश्न वहीच विचारते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एंजिन मिनिटास १,४०० फेरे घेत असता सैल झडपेचा आवाज सेकंदास किती वेळा येईल?

२. वरील उदाहरणात शीर्ष ६० ऐवजी ४० अंशांनीच तापले असते, तर ०.०५ मिमी. मोकळीक पुरली असती काय? हिशेब करून सांगा.

३. पेचाच्या आट्यांतील अंतर ०.७५ मिमी. असल्यास ०.०५ मिमी. मोकळिकीसाठी पेच किती अंशांतून फिरवावा लागेल?

४. निष्कास झडप जळण्याचा धोका आदान झडपेपेक्षा अधिक का असतो? आत येणाऱ्या मिश्रणाचे तापमान ध्यानात घेऊन उत्तर लिहा.